हात खिशात

एकोणीस वर्षं मी पेचकसाचं टोक
बेअरिंगच्या घराला टेकवलं,
मूठ कानाशी लावली,
आणि पंप मला सांगत गेला
कुठं दुखतंय ते.

समुद्राचं पाणी, मीठ काढलेलं,
वाळवंट चढून तांब्याच्या खाणीकडं जातं.
वाटेत पाच पंपघरं. चौथं माझं.
इथली हवा इतकी कोरडी
की गंजसुद्धा रजेवर असतो.

मार्चमध्ये नवा बिल्ला आला:
ओर्तेन्सिया किलोद्रान, विभागप्रमुख.
बिल्ल्यासोबत तीन दिवसांचा वर्ग,
अंतोफागास्तात, समुद्र दिसणाऱ्या हॉटेलात.
एका गुळगुळीत माणसानं फळ्यावर बाण काढले,
सगळे वर जाणारे.
मी वहीत एकच वाक्य घेऊन परतले:
तुमचा हात लागला की काम तुमचं.
तेही त्याचं नव्हे,
चहाच्या रांगेत रेल्वेतली एक बाई म्हणाली होती,
साखर ढवळता ढवळता.

पंप खोटं बोलत नाही.
माणसंही फारशी बोलत नाहीत, फक्त अर्धं बोलतात.
निदिया रोज सांगायची, सगळं ठीक आहे.
तिच्या त्या 'ठीक'ला बारीकशी खरखर होती.
मला ती ऐकू यायला
सात आठवडे लागले.
सोडून गेलेल्या माणसाच्या रात्री
ती एकटीच भरत होती,
आणि वेळापत्रकावर सही माझी.

ऑगस्टमध्ये, रात्री दोनला, तीन नंबरचा पंप थरथरला.
झोपेच्या कपड्यांवर जाकीट चढवून मी गेले.
येर्को लॅपटॉप उघडून उभा: "बेअरिंग गेलं."
माझ्या तळपायांना फरशीतून कळत होतं, बेअरिंग नाही.
आत कुणीतरी खडे चघळत होतं.
पंपाला पाणी पुरत नव्हतं.

हात खिशात घातले.
विचारलं, "काय दिसलं तर तुझं चुकलं म्हणशील?"
तो क्षणभर थांबला. मग पाना उचलला.

राखीव पंप चालू होता, म्हणून गप्प राहिले.
नसता, तर सगळे धडे गुंडाळून
मीच आत शिरले असते,
हे इथं खरं खरं सांगते.

म्हातारे डॉन एलेउतेरिओ
भुवयांनी मला ढोसत होते: सांगून टाक ना, बाई.
खिशात माझी बोटं
एक नसलेला बोल्ट पिळत होती.

सहा तास.
बेअरिंग निघालं, नव्या नाण्यासारखं लख्ख.
येर्को त्याच्याकडं बघत बसला.
मग कुणी न सांगता उठला,
आणि शोषण-नळीच्या गाळणीकडं गेला.

गाळणीत हातमोजा होता.
चामड्याचा, उजव्या हाताचा,
मनगटावर शाईनं एच. क्यू.

फेब्रुवारीत, बढतीच्या आधी,
ती गाळणी मी बदलली होती.
एकटीनं. मुद्दाम.
कुणाला हात लावू न देता.

सकाळी वरून फोन: चूक कुणाची?
वर्गात शिकवलं होतं,
संघाचा दोष आपल्या नावावर घ्या.
घ्यायला काही उरलंच नव्हतं.
"माझी," म्हणाले,
आणि तिकडचा माणूस कौतुकानं म्हणाला,
"असंच हवं नेतृत्व."
त्याला पटवायला अर्धा तास गेला
की हे नेतृत्व नाही, हातमोजा आहे.

येर्कोनं अहवालात लिहिलं: परकी वस्तू.
मी म्हटलं, अक्षरं लिही.
त्यानं मान खाली घातली.
लिही, म्हटलं, आणि तुझे सहा तासही लिही.
दोन्ही एकाच पानावर.

मोजा त्यानं कठड्यावर ठेवला होता.
या उन्हात दहा मिनिटं पुष्कळ.
तो कडक वाळला, बोटं वाकलेली,
अजून काहीतरी धरायला निघाल्यासारखी.

निदिया येऊन म्हणाली, आजची रात्र मी करणार नाही.
खरखर नव्हती.